लागू नसेल ते खोडावे

पत्र ही मोठी खाजगी, मनातली वस्तू आहे असे आपण मानतो. पण आपल्या जुन्या मराठी पत्राइतकी साच्यातून पाडलेली वस्तू दुसरी कोणती असेल असे मला वाटत नाही. वडिलांना लिहायचे तर ‘तीर्थरूप’ आणि ‘शिरसाष्टांग नमस्कार’, बरोबरीच्याला ‘सप्रेम नमस्कार, विनंती विशेष’, धाकट्याला ‘चिरंजीव’ आणि ‘अनेक उत्तम आशीर्वाद’, शेवटी ‘कळावे, लोभ असावा’. या सगळ्या लवाजम्यातून लेखकाचे स्वतःचे असे जे उरे ते बहुधा एकच वाक्य, आणि तेही ‘पैसे संपले आहेत’ या अर्थाचे!

हा साचा काही आपण आज केलेला नाही. यादवांच्या दरबारातला हेमाडपंत तेराव्या शतकातला. कोणाला कसे लिहावे, कोणती पदवी कोठे घालावी यांचे नियम सांगणारा ‘मेस्तक’ त्याच्या नावावर सांगितला जातो. पुढे शिवाजी महाराजांच्या पत्रांत मजकूर संपला की खाली लहानशी मुद्रा उमटे: ‘मर्यादेयं विराजते’. म्हणजे पत्र येथे संपले, याच्याखाली कोणी अक्षर वाढवू नये. मला या मुद्रेचे फार कौतुक वाटते. पत्रात काय लिहावे हे सांगणारे पुष्कळ असतात. पत्राने कोठे थांबावे हे ठरवणारी ही एवढीशी मुद्रा!

मला हे सुचते याचे कारण माझा धंदा. १९७५ साली मी फोर्टमधल्या एका मोठ्या संस्थेच्या पत्रव्यवहार विभागात चिकटलो आणि २०११ साली तेथूनच निवृत्त झालो. छत्तीस वर्षे मी पत्रे लिहिली, आणि त्यांतले एकही पत्र माझे नव्हते. ‘आपला हप्ता थकला आहे’, ‘आपला अर्ज पोहोचला’, ‘आपली विनंती मान्य करता येत नाही याचा खेद वाटतो’. असा खेद मी किती हजार वेळा व्यक्त केला असेन देव जाणे.

सुरुवातीला आमच्याकडे छापील नमुने असत. त्यांवर ‘श्री./सौ./कु.’ असे एका ओळीत उभे असे आणि तळाला बारीक अक्षरांत सूचना: ‘लागू नसेल ते खोडावे.’ ही सूचना मला तेव्हाही मजेची वाटे. कारण कामाच्या घाईत खोडायचे राहून जाई, आणि मग एखाद्या सद्‌गृहस्थाला तो एकाच वेळी श्रीमान, सौभाग्यवती आणि कुमारी असल्याचे पत्र जाई. त्याचे त्यानेच काय ते खोडून घ्यावे!

पण याच नमुन्यांनी मला आमच्या कारकुनी मराठीचा एक गुण शिकवला. त्याचे श्रेय कोणी फारसे देत नाही म्हणून येथे थोडे सांगतो. मराठीत नाव वाक्यात घातले की ते वाकते. पुणे असेल तर पुण्याला, धुळे असेल तर धुळ्यात, नागपूर असेल तर नागपुरास. माणसाचे नाव, गावाचे नाव, प्रत्येकाची कंबर निराळ्या तऱ्हेने लवते. मग छापील नमुन्यातल्या रिकाम्या जागेत कोणतेही नाव बसवायचे कसे? आमच्या कारकुनांनी युक्ती काढली. ‘श्री. अमुक यांस’. नाव ताठच ठेवायचे, आणि वाकायचे काम ‘यांस’ने करायचे! ‘मौजे अमुक येथे’, ‘दिनांक अमुक रोजी’, ‘रुपये अमुक मात्र’. लोक या भाषेला सरकारी म्हणून हसतात. मी हसत नाही. ‘यांस’, ‘येथे’, ‘रोजी’ हे तीन शब्द म्हणजे रिकाम्या जागेच्या कडेला ठोकलेल्या खुंट्या आहेत. कोणाचेही उपरणे त्यांवर टांगावे. पुढे यंत्रे आली तेव्हा हेच शब्द आमच्या कामी आले. इंग्रजीवाल्यांना यंत्राने जी सोय दिली तिची अर्धी तयारी आमच्या कारकुनांनी आधीच करून ठेवली होती.

यंत्राकडून अशी पत्रे पाडून घेण्याची हौस अमेरिकेत फार जुनी. पियानोच्या गुंडाळीसारखी भोके पाडलेली कागदी गुंडाळी चढवून आपोआप टाईप करणारी यंत्रे तेथे दुसऱ्या महायुद्धाच्या आधीच होती. १९६४ साली आयबीएमने चुंबकीय फितीवर मजकूर ठेवणारा टाईपरायटर काढला. आमच्या विभागात मात्र संगणक आला तो १९८८ साली, आणि त्यावर होता वर्डस्टार. ज्यांनी तो वापरला असेल त्यांना आठवेल की त्यात टिंबाने सुरू होणारी ओळ छापली जात नसे. ती कागदासाठी नव्हे, यंत्रासाठी असे. टिंब, पी, ए असे लिहिले की नवे पान. टिंब, डी, एफ म्हणजे नावांची यादी कोठे आहे ते. टिंब, आर, व्ही म्हणजे यादीतले कोणते रकाने कोणत्या क्रमाने वाचायचे ते. आणि पत्रात जेथे नाव हवे तेथे दोन ‘अँड’च्या खुणांमध्ये रकान्याचे नाव. रकाना रिकामा असेल आणि ती सबंध ओळच गाळायची असेल तर आत तिरपी रेघ आणि ‘ओ’ लिहायचा. म्हणजे लागू नसेल ते आता यंत्र स्वतःच खोडू लागले. पुढे सी-डॅकचे जिस्ट कार्ड यंत्रात बसवले आणि त्याच वर्डस्टारवर देवनागरी उमटू लागली, तेव्हा आमच्या विभागात पेढे वाटले गेले होते. ते मीच आणले होते.

मला त्या न छापल्या जाणाऱ्या ओळींचे वेड लागले. वरून पत्र सरळ, सौम्य. आणि आत टिंबांच्या ओळी हुकूम सोडताहेत. घरात पाहुण्यांसमोर यजमान बोलतात, पण चहा कधी आणायचा, कोणत्या कपांतून आणायचा आणि बशीत चिवडा किती ठेवायचा हे आतून ठरलेले असते, तसे ते होते.

मग वर्ड आला आणि टिंबांच्या जागी महिरपी कंस आले. हे कंसही मोठे मानी. कळफलकावरचा महिरपी कंस तुम्ही साधा टाईप केलात तर वर्ड त्याला निव्वळ अक्षर समजतो. कंट्रोल आणि एफ-नऊ या कळा एकत्र दाबून आलेलाच कंस खरा. त्या कंसात ‘इफ’ लिहायचे, अट लिहायची, अट खरी ठरली तर छापायचा मजकूर आणि खोटी ठरली तर छापायचा मजकूर. तारखेचा तर विशेषच गंमतीचा मामला. महिन्यासाठी मोठा ‘एम’ लिहायचा. धाकटा ‘एम’ लिहिलात तर महिन्याच्या जागी मिनिटे छापून येतात. अक्षरी रकमेची सोयही त्यात आहे, पण ती इंग्रजीत आणि हंड्रेड थाउजंडच्या हिशेबाने. लाख त्याला ठाऊक नाही. मराठीत अक्षरी रक्कम पाहिजे तर शंभर शब्दांची यादी आपण हाताने घालावी लागते, कारण आपल्या भाषेत एकवीसपासून नव्याण्णवपर्यंत प्रत्येक आकड्याची कुंडली वेगळी. एकोणऐंशी आणि एकोणनव्वद या नियमाने गेलेल्या माणसाला नव्याण्णव असा चकवते की विचारू नका. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक’, ‘साठ तीन’ अशी वाचनाची रीत आली तेव्हा केवढा गहजब झाला! मी त्या वादात पडलो नाही. पण त्या रीतीने माझी शंभर शब्दांची यादी बरीच आखूड झाली असती, हे मात्र खरे.

१९९७ च्या वर्डमध्ये ज्याला ‘ऑब्जेक्ट’ म्हणतात त्या वस्तूंची भाषा आली. घरचे लोक विचारीत, तुम्ही दिवसभर तेथे करता तरी काय? त्यांना मी सांगे ते तुम्हालाही सांगतो. या भाषेत यंत्रातली प्रत्येक गोष्ट एक वस्तू असते. वस्तूच्या पोटात वस्तू, तिच्या पोटात आणखी वस्तू. मध्ये टिंब द्यायचे आणि आत आत शिरायचे. ‘अ‍ॅक्टिव्ह-डॉक्युमेंट’, टिंब, ‘मेल-मर्ज’, टिंब, ‘डेटा-सोर्स’, टिंब, ‘फर्स्ट-रेकॉर्ड’. समोरच्या दस्तऐवजातल्या पत्रजुळणीतल्या यादीतले पहिले नाव. पाहा, मराठीत ते किती सहज उलगडते! इंग्रजीत हेच सांगायचे तर शेवटून सुरुवात करावी लागेल. आमची आजी मला सांगे, ‘माजघरातल्या फडताळातल्या वरच्या खणातल्या पितळी डब्यातला गूळ आण.’ ती ऑब्जेक्टचीच भाषा बोलत होती. फक्त टिंबाच्या जागी तिच्याकडे ‘तला’ प्रत्यय होता.

या वस्तूंना नुसते ‘आण’ म्हणून भागत नाही, त्यांना अधिकारही असतात. आणि अधिकार वाईट हातांत पडला की काय होते ते १९९९ च्या मार्चमध्ये जगाने पाहिले. ‘मेलिसा’ नावाचा विषाणू वर्डच्या दस्तऐवजात बसून आला आणि ज्याने तो उघडला त्याच्या पत्त्यांच्या वहीतल्या पहिल्या पन्नास जणांना स्वतःच पत्रे धाडू लागला. शेवटी २०२२ साली मायक्रोसॉफ्टने इंटरनेटवरून आलेल्या दस्तऐवजातल्या अशा आज्ञा आपणहून बंद ठेवायला सुरुवात केली. ज्या वस्तूला पत्र पाठवण्याचा अधिकार आहे, तिला ते न पाठवण्याचीही अक्कल हवी. आणि न पाठवण्याविषयीच मला खरे बोलायचे आहे.

आमचे एक हेडक्लार्क होते. मी लागलो तेव्हा ते पन्नाशीत असतील. रोज सकाळच्या लोकलमध्ये ते वर्तमानपत्र उघडीत ते निधनवार्तांच्या पानावर, हातात तांबडी पेन्सिल घेऊन. आम्हाला वाटे, काय हा अमंगळ छंद! दुपारी सह्या झालेल्या पत्रांचा गठ्ठा पाकिटांत जाण्यापूर्वी त्यांच्या टेबलावरून जाई. ते एकेक नाव पाहत आणि क्वचित एखादे पत्र अलगद काढून डाव्या हाताच्या खणात ठेवीत. ‘आज नको. तेराव्यानंतर पाहू.’ ती थकलेल्या हप्त्याची सूचना असे आणि त्या घरचा कर्ता माणूस दोन दिवसांपूर्वी गेलेला असे. एकदा मोठ्या साहेबांनी विचारले, ‘हे पत्र अजून का गेले नाही?’ तेव्हा हेडक्लार्क म्हणाले, ‘पत्र तयार आहे साहेब. घर तयार नाही.’ साहेबांनी पुन्हा विचारले नाही.

१९८४ साली ते निवृत्त झाले. त्यांचा खण कोणाकडे गेला ते मला आठवत नाही. खणात फडकी ठेवली जाऊ लागली एवढे आठवते. यंत्र आल्यावर तर पत्रे कोणाच्या टेबलावरून जाईनाशीच झाली. यंत्राच्या दृष्टीने जिवंत माणूस म्हणजे यादीतली ओळ, आणि मेलेला माणूस म्हणजेही यादीतली ओळच.

२००२ च्या वर्डमध्ये एक नवी सोय आलेली मी पाहिली आणि मला प्रथम त्या खणाचीच आठवण झाली. तिचे नाव लांबलचक आहे: ‘मेलमर्ज-बिफोर-रेकॉर्ड-मर्ज’. यादीतले एकेक नाव पत्रात शिरण्याच्या आधी यंत्र क्षणभर थांबते आणि तुमच्या आज्ञावलीला विचारते, याला जाऊ देऊ का? ‘कॅन्सल’ नावाची एक लहानशी वस्तू तुमच्या हातात देते. ती तुम्ही ‘ट्रू’ केलीत की ते पत्र जन्मालाच येत नाही. यादी पुढे सरकते. मी आमच्या यादीत ‘थांबवा’ असा एक रकाना वाढवला आणि दारावर हा पहारेकरी बसवला. एवढ्याने भागत नाही हे उघड होते, कारण रकाना भरणार कोण? तेव्हा रोजची डाक उघडणाऱ्या बाईंना ते काम वाटून देण्यासाठी मी साहेबांच्या मागे लागलो आणि ते मंजूर करून घेतले. मृत्यूचा दाखला आला, निधनाचे साधे पोस्टकार्ड आले, तरी त्याच दिवशी रकान्यात खूण. तांबडी पेन्सिल परत आली म्हणा ना! मी निवृत्त झालो त्या दिवसापर्यंत तरी ती व्यवस्था चालू होती.

आता दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. माझी पत्नी पंधरा दिवस रुग्णालयात होती आणि तेथेच गेली. ‘अहेवपणी गेली, सोने झाले,’ असे आल्यागेल्याने सांगितले. ज्याचे सोने व्हायचे ते त्यांचे त्यांनी पाहावे. मला त्या बोलण्याचा फार राग येई. तिच्या आजारपणाबद्दल मी येथे लिहिणार नाही. डॉक्टरांनी आणि परिचारिकांनी आपले काम नीट केले. विशेषतः रात्रपाळीच्या एक सिस्टर तिच्या केसांना तेल लावून वेणी घालून देत, ते मी विसरणार नाही.

सात आठवड्यांनी कुरियरने एक पाकीट आले. वर तिचे नाव. आत रुग्णालयाचे पत्र. ‘सप्रेम नमस्कार. आपण आमच्या रुग्णालयात दि. ४ ते दि. १९ या काळात उपचार घेतलेत. आता आपली प्रकृती उत्तम असेल अशी आशा आहे. आमच्या सेवेविषयी आपला अभिप्राय कळवल्यास आभारी होऊ.’ खाली पाच गोल चेहरे, रडक्यापासून हसऱ्यापर्यंत. लागू असेल त्यावर खूण करावी.

सुनेने ते पत्र माझ्या हातातून घ्यायचा प्रयत्न केला. मी दिले नाही. ते मी तीनदा वाचले, आणि काय सांगू, तिसऱ्या वेळी मी ते शोकाने वाचत नव्हतो. छत्तीस वर्षांची सवय! ‘सौ.’ आणि आडनाव यांच्यामध्ये दोन कोऱ्या जागा सुटल्या होत्या. म्हणजे मधला रकाना रिकामा आहे आणि तो गाळायची सूचना कोणी दिलेली नाही. ‘आपली प्रकृती उत्तम असेल’ असे लिहिले होते. ‘आपण बरे झाला असाल’ किंवा ‘बऱ्या झाल्या असाल’ असे नाही. म्हणजे पत्र बांधणाऱ्याला लिंगाची अडचण समजली होती आणि ती त्याने हुशारीने टाळली होती. हे वाक्य मीही असेच लिहिले असते. आणि तारीख बरोबर होती. १९ तारीख अगदी बरोबर होती. ज्या यंत्राला ती तारीख ठाऊक होती त्याला त्या तारखेला काय झाले ते ठाऊक नव्हते, असे कसे होईल? त्याच ओळीत, दोन रकाने पलीकडे, ते लिहिलेले असलेच पाहिजे. कोणी विचारले नव्हते, इतकेच.

मुलगा म्हणाला, ‘बाबा, मी त्यांना असे खरमरीत पत्र लिहितो!’ मी म्हटले, तू लिहू नकोस. ते माझे काम आहे. मी लिहिले ते असे: ‘आपल्या पत्रातील तारीख बरोबर आहे. कृपया त्याच ओळीतील शेवटचे रकाने पाहावेत आणि हे पत्र ज्यांनी बांधले त्यांना दाखवावे.’ खाली सही आणि फोनचा नंबर.

चौथ्या दिवशी एका मुलीचा फोन आला. प्रथम ‘सर, सर’ करीत होती. आवाज कापत होता. पत्राचा साचा तिनेच केला होता. माझा धंदा काय होता हे कळल्यावर ती ‘काका’ म्हणू लागली, आणि मग आम्ही दोघेही जरा मोकळे झालो. त्यांचे यंत्र निराळे, तिची भाषाही निराळी. पण आत शिरल्यावर सगळ्या माजघरांची रचना सारखीच. यादीवरून एक फेरा फिरतो, एकेक रुग्ण हातात घेतो, अट पाहतो, पत्र पाडतो. अट एवढीच होती: रुग्णालय सोडल्याची तारीख भरलेली आहे काय? भरलेली असेल तर सहा आठवड्यांनी पत्र. पण त्यांच्या दफ्तरात सुटका चार तऱ्हांची असते. घरी सोडले, दुसऱ्या रुग्णालयात हलवले, सल्ला डावलून स्वतःहून गेले, आणि मृत्यू. चौघांनाही तारीख असते.

‘एका ओळीचे काम आहे काका,’ ती म्हणाली. ‘आज संध्याकाळीच करते. पण मला एक विचारायचे होते. चौथ्या प्रकाराला आपण दुसरे पत्र पाठवू या का? सांत्वनाचे? तुम्ही मजकूर करून द्याल?’

मी हो म्हटले. चार संध्याकाळी मी त्या मजकुरावर बसलो. आयुष्यात एवढे अवघड पत्र मी लिहिलेले नाही. ‘आपले पती वारले’, ‘आपल्या पत्नी वारल्या’, ‘आपला मुलगा’, ‘आपली आई’. प्रत्येकाला क्रियापद निराळे, आदर निराळा. अटी घालून घालून सहा शाखा झाल्या. मग सवयीप्रमाणे मी त्या मोडून एकच वाक्य केले, लिंग नाही, वचन नाही, नाते नाही: ‘आपल्या कुटुंबावर कोसळलेल्या दुःखात आम्ही सहभागी आहोत.’ वाक्य निर्दोष होते. कोणतेही नाव, कोणतेही घर त्यात बसले असते. तेच वाक्य मी स्वतःच्या पत्त्यावर आले आहे असे समजून वाचले आणि मला ते त्या पाच गोल चेहऱ्यांपेक्षाही परके वाटले. ज्या युक्तीवर मी जन्मभर पोट भरले, जिचे कौतुक मी वर एवढे केले आहे, ती येथे उपयोगाची नव्हती. हप्त्याच्या पत्रात ‘यांस’ने सगळ्यांना सामावून घ्यावे, वेणीची आठवण असलेल्या माणसाला ‘यांस’ काय सांगणार?

मी त्या मुलीला फोन केला आणि म्हटले, ‘चौथ्या प्रकाराला पत्र नको. त्याऐवजी दर सोमवारी एक यादी छापा. नाव, खाट, वॉर्ड, आणि त्या काळात पाळीवर कोण सिस्टर होत्या. घरचे कोण जवळ असे, हे ठाऊक असले तर तेही. ती यादी मेट्रनबाईंच्या टेबलावर ठेवा. त्या आपल्या सिस्टर लोकांना दाखवतील. ज्यांना लिहावेसे वाटेल त्या लिहितील.’

‘आणि नाही वाटले तर?’

‘तर नाही.’

तिला हे फारसे पटले नसावे. यादी म्हणजे नुसतीच यादी, निष्पन्न काय? पण तिने ती मेट्रनबाईंकडून मंजूर करून घेतली. तीन आठवड्यांनी पुन्हा फोन. पहिल्या सोमवारी सहा नावे निघाली होती. सिस्टर लोकांनी दोन पत्रे लिहिली, साध्या रेघी कागदावर. बाकीच्या चार नावांपुढे काही नाही. ते रुग्ण आले त्याच दिवशी गेले होते. त्यांची कोणाला ओळख झालेली नव्हती.

‘त्या चौघांना आपले ते वाक्य पाठवू का, काका? माझ्याकडे आहे ते. चांगले आहे हो.’

‘नको,’ मी म्हटले. ‘त्यांना काहीच छापू नका.’

‘म्हणजे कोरे पान? कारण आत्ता तसेच होते आहे. अट खोटी ठरली की मजकूर येत नाही, पण आमच्या नावाचा मथळा असलेले कोरे पान बाहेर पडते आणि पाकिटावर पत्ताही छापला जातो. परवा कुरियरवाला तशी चार पाकिटे घेऊन जायला निघालाच होता, मी थांबवला.’

‘कोरे पान नको,’ मी म्हटले. ‘पानच नको. पाकीटही नको.’

ती फोन तसाच धरून कळफलकावर काहीतरी बडवीत होती. मला ते ऐकू येत होते. कोरे पान आणि पान नसणे यांतला फरक त्या यंत्राला समजावण्यासाठी तिला आणखी दोन ओळी लिहाव्या लागल्या. त्या झाल्यावर तिने चाचणीसाठी माझ्या पत्नीचे नाव घालून पाहिले, मला विचारून, आणि म्हणाली, ‘काही आले नाही, काका.’

‘ठीक आहे,’ मी म्हटले.